जेवायच्या वेळेचा आवाज

भावोजींना जाऊन बरेच दिवस झाले होते, पण जेवायच्या वेळी त्यांनी एकदाही दांडी मारली नव्हती. त्या सकाळी मात्र ते बोललेच नाहीत.

धाकटीनं नेहमीसारखा थोरल्या बहिणीपुढे दूधभाताचा वाडगा ठेवला, तिच्या गळ्याभोवती रुमाल बांधला आणि टेबलावरच्या चौकटीचं बटण दाबलं. चौकट म्हणजे फोटो ठेवतात तसलीच, पुस्तकाएवढी; पुढे काचेचा पडदा आणि मागे बारीक छिद्रांचा स्पीकर. बटण दाबलं की पडद्यावर थोरलीचे यजमान यायचे, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, समोर ताट घेऊन. "हं, बसलीस का? मीही बसलोय. पहिला घास घे बघू. फुंकून घे, गरम आहे." मग त्यांचा चमचा वाजायचा. थोडं जेवून झालं की आवाज खाली आणून म्हणायचे, "मीठ कमी पडलंय. पण बोलू नकोस, स्वयंपाकीणबाई रुसतील." स्वयंपाकीणबाई म्हणजे धाकटी. त्या वाक्याला थोरली रोज हसायची, आणि हसायला तोंड उघडलं की धाकटी चमचा आत सारायची. अशी ती दोन वेळा जेवायची. दुसऱ्या कुठल्याही उपायानं जेवायची नाही.

भावोजींनी हे सगळं आजारपणात, हातात ताकद होती तोवर, बोलून ठेवलं होतं. थोरलीची आठवण तेव्हाच उतरणीला लागली होती. सकाळचं वेगळं, रात्रीचं वेगळं, पावसाळी हवेचं वेगळं. माणूस मोठा धोरणी. जाताना कुणी जमीनजुमला ठेवतं, कुणी दागिने. ह्यांनी बायकोची जेवणं ठेवली.

आज पडद्यावर एक करडं वर्तुळ नुसतं गरगरत राहिलं. धाकटीनं वायर काढून घातली, चौकटीला दोन चापट्या मारल्या, पदरानं काच पुसली. थोरली वर्तुळाकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

"ताई, अगं सुरू होईल. तोवर एक घास घे."

थोरलीनं मान फिरवली. चमचा गालाला लागला, दूध हनुवटीवरून रुमालावर आलं.

साधा फोन चालू होता. धाकटीनं भाचीला फोन लावला. ही थोरलीची एकुलती एक लेक, दूरच्या शहरात, लोकांच्या वेबसाइटी सांभाळणाऱ्या कचेरीत कामाला. फोन उचलला तेव्हा तिच्या मागे दहा माणसं एकदम बोलत होती.

"मावशी, तू काही खटपट करू नकोस. तुझ्याकडे काही बिघडलेलं नाही. इकडेच सगळं बसलंय."

"काय बसलंय?"

"कसं सांगू तुला. बाबांचा आवाज एका गोदामात आहे असं समज. गोदाम शाबूत आहे. पण तिथून घरोघर माल पोचवणारी कंपनी वेगळी असते. तिनं गावोगाव आपली कोठारं मांडलेली, म्हणजे माल जवळच्या जवळ मिळावा. निम्म्या जगाचा माल तीच पोचवत होती. तिचं दिवाळं निघालं. कोर्टाचा माणूस आला आणि मशिनं बंद करायला लागला."

"मग आपण गोदामातून थेट आणू."

"थेट वाट ठेवलेलीच नाही गं. ती वाट चौकट बनवणाऱ्यांनी ठेवायची, आणि ते फोन उचलत नाहीत. मी सकाळपासून करतेय."

विचारू नये असं धाकटीला वाटत होतं, तरी विचारलं. "तुझ्याकडे त्याची एखादी प्रत असेल ना?"

मागची दहा माणसं बोलत राहिली.

"नाही," भाची म्हणाली. "बाबा थेट चौकटीसमोर बसून बोलायचे, ते तिथूनच गोदामात जायचं. मी उतरवून घेईन, घेईन म्हणत राहिले. मावशी, आईनं पाणी तरी घेतलं का?"

"घेईल. तू तुझं काम कर."

थोरलीनं पाणी घेतलं नाही. दुपारी धाकटीनं तिच्या आवडीचं केळं कुस्करलं. ते तसंच काळं पडलं. भाचीनं फोनमध्ये शोधून वडिलांच्या आवाजाचा एक तुकडा पाठवला, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात भावोजी फक्त एवढंच म्हणत होते, "अरे काढ रे लवकर, चेहरा दुखायला लागला हसून." धाकटीनं तो तुकडा लावला, परत लावला. थोरली फोनकडे पाहून म्हणाली, "काढला का फोटो?" आणि पुन्हा ओठ मिटून बसली.

मग धाकटीनं एक वेडेपणा केला. स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून तिनं आवाज जाड केला. "हं, बसलीस का? मीही बसलोय. पहिला घास—"

"पडसं झालंय तुला," थोरली बाहेरून म्हणाली. "वाफ घे."

धाकटीला हसू आलं. दाराला टेकून ती हसली आणि मग तिथेच, तोंडात पदराचा बोळा कोंबून, जरा रडून घेतलं. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नव्हता.

संध्याकाळी शेजारणीला थोरलीपाशी बसवून ती दवाखान्यात गेली. रस्त्यावर वरवर पाहता काही घडलेलं नव्हतं. गाड्या चालल्या होत्या, फळवाला फळांवर पाणी शिंपडत होता. पण बसथांब्यावरची पाटी कोरी होती आणि माणसं एकमेकांना विचारत होती की आपली गाडी गेली का. औषधाच्या दुकानात दुकानदार पडद्यावर बोट आपटत होता. औषधांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन. "आजी, जुनं पाकीट असेल तर ते दाखवा, त्यावरून देतो," तो प्रत्येकाला सांगत होता, प्रत्येक वयाच्या बाईला आजी म्हणून. पेढीच्या दारात एक माणूस हातातल्या फोनला शिव्या देत होता, अगदी सावकाश, एकेक निवडून.

डॉक्टरीणबाईंकडेही थोरलीचे जुने कागद पडद्यावर उघडेनात. त्यांनी तोंडी विचारलं. पाणी किती? लघवी किती? जीभ कोरडी आहे का? धाकटीनं खरं सांगितलं.

"उद्या दुपारपर्यंत पाणी गेलं नाही तर भरती करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाकातून नळी घालू. तिकडून पोटात जाईल सगळं."

"ती ओढून काढेल."

"मग हात बांधावे लागतात. मऊ पट्टे असतात."

धाकटीला ते हात आठवत होते.

टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या लांब खोलीत ते हात ट्रंक बोर्डावर चालायचे तेव्हा नव्या मुलींना सुपरवायझर बघायला उभं करायच्या. भिंतभर बोर्ड, त्यावर ओळीनं छिद्रं, खाली दोऱ्या. दिवा लागला की दोरी उचलायची, छिद्रात खुपसायची, बोलायचं, जोडायचं, बोलणं संपलं की ओढून काढायची. दोघी बहिणी तिथेच नोकरीला होत्या, पण थोरली ट्रंकवर, परगावच्या लाईनींवर. आणि धाकटी लोकलवर, गावातल्या. "तुझी जीभ फार सैल," थोरली म्हणायची, "ट्रंकवर तू तासाभरात दोन खानदानांची भांडणं लावशील." जवळच्या नात्यातल्या बायकांना शेजारी-शेजारी बसवायचं नाही असा नियमच होता. बोर्डावर नावानं किंवा नात्यानं हाक मारायची नाही, सगळ्या फक्त 'बाई'. मान वळवायची नाही. आणि बोर्डापाशी अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. सांडला तर अर्धं शहर मुकं व्हायचं.

भावोजीही त्या दोरीतूनच आले. कागद गिरणीच्या कचेरीत होते, रोज परगावी फोन लावायचे. गिऱ्हाइकाशी कामापलीकडे बोलायची सक्त मनाई, त्यामुळे दीड वर्ष त्या दोघांत फक्त नंबर बोलले गेले. "पण ते नंबर अशा आवाजात सांगायचे," थोरली पुढे लाजत सांगायची, "की मला वाटायचं, माझंच वर्णन चाललंय."

पुढे सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं, बोर्ड भंगारात गेले, बायका टेबलांवर बसून कागद हलवायला लागल्या. ते असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीचे ओठ फुटले होते. धाकटीनं ओला कापूस फिरवला, तर तिनं दात आवळले. वर्तुळ गरगरत होतं. धाकटीनं विनवलं, लहान मुलाला म्हणतात तसं गाणं म्हटलं, मग रागावली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. चमचा टेबलावर आपटून ती म्हणाली, "ते नाही यायचे आता, ताई. लाईन गेलीय. सगळ्याच लाईनी गेल्यात. कळतंय का तुला?"

थोरलीची पाठ सरळ झाली.

कित्येक महिन्यांत ती पाठ तशी झाली नव्हती. तिनं खुर्ची टेबलाला भिडवून घेतली, कोपरं आत ओढली, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, आणि नजर समोर, चौकटीवर.

"कुठल्या?" तिनं विचारलं.

धाकटीला वाटलं, देव पावला. बाई बोलली. "सगळ्या," ती घाईनं म्हणाली. "केबल जळली बहुतेक. दुरुस्ती चाललीय. तोवर तू पाणी पिऊन घे."

तिनं पेला पुढे केला. थोरलीनं तो मनगटानं दूर सारला. मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात, सुपरवायझरला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "बोर्डावर पाणी?"

तेव्हा धाकटीच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

लाईन गेली की ऑपरेटर बोर्ड सोडत नाही. खरोखरची केबल जळली होती तेव्हा ही बाई रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत खुर्चीवर बसून होती. प्रत्येक दिव्याला एकच उत्तर: लाईन बंद आहे, प्रयत्न चालू आहेत. पाणी नाही, कारण पाणी प्यायलं तर उठावं लागतं. त्याबद्दल एक्स्चेंजच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. जगातल्या कुठल्याही माणसानं तिला 'लाईन गेली' म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. तिनं ते ऐकलंही नसतं. धाकटीनं ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज बोर्डावरचा होता. सवय जात नाही मेली.

कालपर्यंत थोरली नवऱ्यासाठी उपाशी होती. आता ड्यूटीवर उपाशी होती, आणि ते त्याहून वाईट. नवऱ्यासाठी केलेला उपास नवरा मोडू शकतो.

"झाली दुरुस्ती," धाकटी म्हणाली. "लाईन आली."

"टेस्ट कॉल घेतला?"

धाकटीनं भाचीला फोन लावला, दोन वाक्यांत सांगितलं, आणि फोन थोरलीच्या कानाशी धरला.

"आई," भाची म्हणाली. "आई, मी बोलतेय. ऐकू येतंय ना? लाईन चालू झालीय, बघ."

थोरली अदबीनं ऐकत होती. पडद्यावर वर्तुळ फिरत होतं, ते तिला दिसत होतं. "लाईन बंद आहे, बाई," ती म्हणाली. "प्रयत्न चालू आहेत. जरा वेळानं करा."

"आई, मी आहे गं."

"आम्हाला तुमची अडचण समजते. जरा वेळानं करा." आणि तिनं हवेतच बोटं चिमटून एक दोरी ओढून काढली.

धाकटीनं फोन आपल्या कानाला लावला.

"मावशी," भाची म्हणाली, "मीही कालपासून हेच बोलतेय लोकांना. शब्दाला शब्द. कुणाचा दवाखाना, कुणाची शाळा. केव्हा चालू होईल, हे मला एकालाही सांगता येत नाही."

"तू जेवलीस का?"

"तू ते विचारू नकोस मला आता." तिचा आवाज फाटला. "मी निघू का? गाडीचं तिकीट निघत नाहीये, पण स्टँडवर जाऊन बसते."

"तू पोचेपर्यंत हिला नळी घातलेली असेल. थांब जरा. मला विचार करू दे."

फोन ठेवून ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. थोरलीचे हात बोर्डावर होते. जीभ ओठांवरून फिरली, तर ओठाला चिकटून सुटली. दुपार व्हायला आली होती. डॉक्टरीणबाईंना फोन करायचा, त्या गाडी पाठवतील, दोन माणसं येतील, मऊ पट्टे आणतील.

ऑपरेटर उठते कधी? रिलीव्हर, म्हणजे पाळी बदलायला येणारी बाई, आली की. दुसरं कारण त्या खोलीत नव्हतंच. बाप मेला तरी निरोप रिलीव्हरच्या हातून यायचा.

धाकटी तिच्या मागे गेली. "ताई, रिलीफ."

"इथे कुणी ताई नाही," थोरली समोर बघून म्हणाली.

बरोबरच होतं. धाकटीनं डोळे मिटले. आयुष्यात ती ट्रंकवर कधी बसली नव्हती, पण पाहिलं रोज होतं. रिलीव्हर डाव्या हाताला, खांद्याच्या मागे उभी राहते. समोरून येत नाही. शिवत नाही. आवाज सपाट ठेवते. तिनं पदर खोचला, चपला काढल्या, कारण खोलीत पावलं वाजवायची नसत, आणि डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. ज्या बाईची वेणी तिनं लहानपणी घातली होती, आणि जिनं तिची घातली होती, तिला ती म्हणाली, "बाई, ट्रंकची रिलीफ."

थोरलीनं श्वास सोडला. खांदे उतरले. केवढ्या वेळाचे ते ताठ धरलेले होते.

"घ्या," ती म्हणाली. "सगळ्या बंद आहेत. कुणाला वेळ सांगू नका, फक्त प्रयत्न चालू आहेत म्हणा. चिडतात लोक. चिडू द्या."

"हो, बाई."

"एक कॉल राहिलाय. कागद गिरणीचे साहेब. ते ह्याच वेळेला करतात." ती घुटमळली. नियमात न बसणारं काहीतरी तिला सांगायचं होतं, आणि ही मागे उभी असलेली बाई कोण, कितपत भरवशाची, हे ती ताडून बघत असावी. "ते आले लाईनवर तर त्यांना तिष्ठत ठेवू नका. म्हणावं, बाई जेवायला गेल्या."

"सांगते."

थोरली उजवीकडून उठली, खुर्ची न वाजवता. धाकटी डावीकडून बसली. खुर्ची गरम होती. कोपरं आत, हात कडेवर, नजर समोर. मागे स्वयंपाकघरात झाकणी सरकली. मग पेला. मग बराच वेळ घोट, घोट, एका दमात, घशाचा आवाज येईल असे. वाडग्यात चमचा वाजायला लागला. आधी एकदा, मग थांबून पुन्हा, मग भराभर, जेवायची सुट्टी थोडी असते तशा हातानं. थोरली स्वतःच्या हातानं जेवत होती.

धाकटीला वळून बघायचं होतं. भात गार आहे, तिला ठसका लागेल, कुणीतरी पाठीवर हात ठेवायला हवा. पण वळली की रिलीव्हर संपली, आणि रिलीव्हर संपली की वाडगा संपला. ती समोरच्या वर्तुळाकडे बघत बसली. डोळ्यांतून पाणी हनुवटीवर आलं, तिथून टेबलावर सांडलं, आणि ते तिनं चटकन तळहातानं पुसून घेतलं, बोर्डावर नको म्हणून.

फोन थरथरला. भाचीचा निरोप होता. चौकटवाल्यांनी दुसरी कंपनी धरलीय, दिवस लागतील, पण बाबा परत येतील म्हणतात. धाकटीनं मान न हलवता, डोळे खाली करून तो वाचला. संध्याकाळी पुन्हा जेवण होतं. उद्या सकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी आधी लाईन तोडायची, बहिणीला बोर्डावर बसवायचं, आणि मग परक्या बाईच्या आवाजात उठवायचं. भावोजी परत आले तर त्यांना काय सांगायचं? निरोप तर ठेवलेला होता, बाई जेवायला गेल्या. त्यात 'परत येते' असं काही नव्हतं.

मागे चमचा थांबला. नळ सुरू झाला, बंद झाला. थोरली तोंड पुसत आली आणि शिष्टाचाराप्रमाणे दोन पावलं मागे उभी राहिली. तिच्या आवाजात पाणी पोचलं होतं. तो पुन्हा गोल झाला होता.

"चांगली आहे हो तुमची खाणावळ," ती म्हणाली. "मीठ कमी पडतं एवढंच."

"सांगते त्यांना, बाई."

"तुमचा चेहरा उतरल्यासारखा दिसतो काचेत. केव्हापासून आहात ड्यूटीवर?"

"झाला बराच वेळ."

"आणि तुमची रिलीव्हर?"

धाकटीनं नजर वर्तुळावरून हलवली नाही. "कुणी नाही, बाई. मी एकटीच आहे."

थोरलीनं हळहळून जीभ टाळ्याला लावली. बोर्डावरच्या बाईबद्दल वाटावी तेवढी, त्याहून जास्त नाही, अशी ती हळहळ होती.

"मग बसा," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत आडवी व्हायला गेली.